‘रन’चे सगळे अर्थ पाठ करायला निघालात? थांबा जरा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं, पण ऑफिसच्या मेलमध्ये ‘रन’ दिसला की अडायला होतं. तुम्ही चार वाक्यं दिलीयत. ‘प्लीज रन धिस बाय द टीम’, ‘वी आर रनिंग लो ऑन टाइम’, ‘आय रॅन इंटू हर यस्टर्डे’ आणि ‘द मीटिंग रॅन ओव्हर’. पहिल्याचा अर्थ तुम्ही ‘हे टीमकडून चालवून घ्या’ असा लावलात, तिसऱ्याचा ‘मी काल धावत जाऊन तिला धडकलो’. मग डिक्शनरी उघडली तर पानंच्या पानं, त्यात कुठेतरी ६४५ अर्थ असं वाचलंत, आणि आता विचारताय की एवढे अर्थ पाठ करायची काही ट्रिक आहे का आणि ज्यांची ती भाषा आहे ते लोक हे सगळं डोक्यात कसं ठेवतात.

ट्रिक नाही. आणि ते लोकही डोक्यात ठेवत नाहीत. मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, त्याआधी शिकवायचे, आणि मला विचाराल तर तुमची खरी अडचण अर्थांची संख्या ही नाहीचये. समोर वाक्य आहे, त्यात रन आहे, यातला कुठला अर्थ घ्यायचा हे दोन-तीन सेकंदात ठरवता येत नाही, ही अडचण आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याला पाठांतर लागतं, दुसऱ्याला फक्त आजूबाजूला बघायची सवय लागते.

आधी त्या आकड्याचं बघू, कारण तोच घाबरवतो. ६४५ हा आकडा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा आहे आणि तोही फक्त क्रियापदाचा, नाम वेगळं. पीटर गिलिव्हर नावाच्या तिथल्या संपादकाला ती एक नोंद नव्याने लिहायला नऊ महिने लागले होते. त्याआधी सगळ्यात जास्त अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते आणि ती नोंद साधारण ६०,००० शब्दांची होती, म्हणजे एक छोटी कादंबरीच झाली की. पण ही डिक्शनरी ऐतिहासिक आहे, तिच्यात एकदा आलेला अर्थ सहसा बाहेर जात नाही. जहाजावरचे, खाणीतले, शिकारीतले, शेकडो वर्षांपूर्वी मेलेले अर्थ, सगळे तिथे शांतपणे बसलेले असतात. शिवाय अर्थ मोजायचे कसे यावर कोशकारांचंच एकमत नसतं. बस दर तासाला ‘रन’ होते आणि मशीन ‘रन’ होतं, हा एकच अर्थ की दोन? काही संपादक एकत्र करतात, काही फोडतात, इंग्रजीत या दोन जमातींना लंपर्स आणि स्प्लिटर्स अशी नावंच आहेत. म्हणून एका डिक्शनरीत चाळीस अर्थ दिसतात, दुसरीत पंधरा, आणि दोन्ही बरोबर असतात. रोजच्या वाचनात तुमची गाठ पडते ती फार तर वीस-पंचवीस वापरांशी.

बरं, हे रनच्याच नशिबी का आलं? जो शब्द जास्त वापरात तो जास्त ताणला जातो म्हणून. झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये हे मांडलं होतं की शब्द जितका वारंवार येतो तितके त्याचे अर्थही जास्त असतात. माणसं नवीन शब्द घडवायचा कंटाळा करतात, हाताशी असलेला जुना शब्दच नव्या कामाला जुंपतात. मशीन आलं, रन. वर्तमानपत्र आलं, बातमी रन केली. कॉम्प्युटर आला, प्रोग्राम रन केला. दर वेळी बाकीचं वाक्य अर्थ सांभाळून घेतं, म्हणून कुणाची अडचण होत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, की ते लोक हे डोक्यात कसं ठेवतात. तुम्ही ‘लागणे’ कसं ठेवलंत ते आठवा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, नोकरी लागते, फोन लागतो, दार लागतं, नाद लागतो, वेळ लागतो, निकाल लागतो (आणि एखाद्या गोष्टीचा पार निकाल लागतो तो वेगळाच), ती माझी मावशी लागते, हे गोड लागतं, मला जावं लागतं, आणि बस लागते म्हणजे बसमध्ये उलटी होते. यातलं एक तरी पाठ केलं होतं का? मराठी शिकणारा बाहेरचा माणूस ही यादी बघून रडेल, आणि तुम्हाला तर आत्ता वाचेपर्यंत हा एक शब्द आहे हे जाणवलंही नसेल, कारण तुम्ही ‘लागणे’ कधी ऐकलाच नाहीत, तुम्ही ‘भूक लागली’ ऐकलंत, ‘फोन लागत नाहीये’ ऐकलंत. अर्थ शेजारच्या नामात होता. रनचंही तसंच. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञाने १९५७ मध्ये लिहिलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, आणि माझा अख्खा धंदा या एका वाक्यावर चालतो असं म्हटलं तरी चालेल.

(बघा, ‘धंदा चालतो’ आणि ‘म्हटलं तरी चालेल’. आपण काही कमी नाही.)

तर संगत बघायची म्हणजे काय बघायचं? मी तीन गोष्टी बघते, याच क्रमाने. कोण रन होतंय, म्हणजे कर्ता. त्याच्यापुढे कर्म आहे की नाही. आणि रनला चिकटून एखादा छोटा शब्द आलाय का, इंटू, ओव्हर, आउट, बाय वगैरे. डिक्शनरी त्यानंतर.

कर्त्यापासून सुरू करू. रनचा गाभा म्हणजे न थांबता एका वाटेने पुढे जात राहणं. माणूस किंवा प्राणी असेल तर धावणे, त्याबद्दल सांगायला नको. पण द्रवपदार्थ असेल तर तो वाहतो, आणि हा अर्थ अलंकारिक वगैरे नाही, जुन्या इंग्रजीपासून पाणी वाहतं त्यालाही हाच शब्द होता. म्हणून नळ ‘रन’ होतो, नाक ‘रन’ होतं, डोळ्यातून पाणी ‘रन’ होतं, कपडा धुतला की रंग ‘रन’ होतो. मराठीत आपण इथे प्रत्येकाला वेगळं क्रियापद देतो, नळ चालू असतो, नाक गळतं, रंग जातो, आणि मराठी वाचकाची पंचाईत नेमकी इथे होते कारण तो एका शब्दासमोर एकच मराठी शब्द शोधत असतो. तो मिळणार नाही. द्रव आहे ना? मग वाहण्याशी संबंधित काहीतरी, एवढं कळलं की पुढचं मराठी आपोआप सुचतं.

यंत्र असेल तर चालणे. घड्याळ, इंजिन, फ्रिज, सॉफ्टवेअर, हे सोपं. बस-ट्रेनही इथेच, ‘द बस रन्स एव्हरी अवर’ म्हणजे दर तासाला बस असते.

मग येतात त्या गोष्टी ज्या जागच्या हलतच नाहीत. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’. रस्ता कुठे धावतो? कुठेच नाही, धावते आपली नजर. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने अशा वापराला काल्पनिक गती म्हणता येईल असं नाव दिलंय. आणि गंमत म्हणजे आपणही तेच करतो, रस्ता नदीच्या कडेने ‘जातो’, भिंत त्या टोकापर्यंत ‘जाते’. म्हणून कुंपण, तार, भेग, डोंगररांग, पाइप, व्रण असला काही लांबट कर्ता दिसला की ‘जाणे’ किंवा ‘पसरणे’ घालून बघा, दहात नऊ वेळा बसतं. काळही असाच लांबट धरला जातो. करार पाच वर्षं ‘रन’ होतो म्हणजे त्याची मुदत पाच वर्षं आहे, नाटक दोन वर्षं ‘रन’ झालं म्हणजे त्याचे दोन वर्षं प्रयोग चालले. ‘फाइव्ह डेज रनिंग’ मात्र जपून वाचा, तिथे कुणी पाच दिवस पळत नाहीये, सलग पाच दिवस एवढाच अर्थ आहे. ‘रनिंग’ हा शब्द दिवस, वर्ष, वेळा यांच्या मागून आला की सलग.

कर्ता म्हणून एखादी भावना किंवा गुण आला तर? अंगातून शिरशिरी ‘रन’ होते, अफवा गावभर ‘रन’ होते, हे अजून गतीतच आहे. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे ते त्यांच्या घराण्यातच आहे, रक्तातच आहे. इथेही वाहणंच आहे खरं तर, पिढ्यांमधून खाली.

आता दुसरी खूण, कर्म. ही मला सगळ्यात कामाची वाटते आणि शाळेत कुणी सांगत नाही. जुन्या इंग्रजीत यासाठी दोन जवळची पण वेगळी क्रियापदं होती. एक स्वतः धावणे, वाहणे यासाठी, दुसरं दुसऱ्याला धावायला लावणे, म्हणजे घोडा दौडवणे वगैरे यासाठी. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळली आणि रन हा एकच शब्द उरला. आपल्याकडे ती जोडी अजून शाबूत आहे, चालणे–चालवणे, पळणे–पळवणे, फिरणे–फिरवणे. इंग्रजीतही काही जोड्या वाचल्यात, सिट आणि सेट ही तशीच, बसणे आणि बसवणे, किंवा फॉल आणि फेल, झाड पडणे आणि झाड पाडणे. रनच्या बाबतीत मात्र ती खूण पुसली गेली, त्यामुळे शब्दाकडे बघून कळत नाही, पुढे कर्म आहे का तेच बघावं लागतं.

म्हणून माझा नियम असा: रनच्या पुढे थेट नाम आलं की डोक्यात ‘-वणे’ लावून बघायचं. ‘शी रन्स अ कंपनी’, कंपनी चालवते. ‘रन युअर फिंगर्स थ्रू युअर हेअर’, केसातून बोटं फिरवणे. ‘रन अ केबल’, वायर ओढणे, टाकणे, म्हणजे वायरला त्या वाटेने जायला लावणे. ‘रन अ बाथ’, टबात पाणी सोडणे. ‘रन अ स्टोरी’, बातमी चालवणे, आणि पत्रकार तर मराठीतही ‘बातमी चालवली’च म्हणतात. ‘रन अ टेस्ट’, चाचणी घेणे, ‘रन द नंबर्स’, हिशोब करून बघणे. प्रत्येक वेळी अक्षरशः ‘-वणे’ येणार नाही पण दिशा तीच, कुणीतरी काहीतरी चालायला लावतंय.

यालाही अपवाद आहेतच. ‘रन अ फीव्हर’ म्हणजे ताप चालवणे नव्हे, ताप असणे. ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे लाल सिग्नल तोडून जाणे. ‘रन अ मॅरेथॉन’मध्ये मॅरेथॉन हे कर्म दिसतं पण ते खरं म्हणजे अंतर आहे. हे चार-पाच मात्र सुटे लक्षात ठेवा, दुसरा इलाज नाही.

कर्माच्या जागी विशेषण आलं तर आणखी वेगळं. रन लो, रन शॉर्ट, रन ड्राय, रन लेट, रन वाइल्ड, रन हाय. इथे रनचा अर्थ जवळजवळ ‘होणे’ एवढाच उरतो, पण कुठलंही विशेषण चालत नाही. ‘रन हॅपी’ कुणी म्हणत नाही. नीट बघितलं तर बहुतेक विशेषणं एक तर कमी पडण्याची आहेत किंवा ताबा सुटण्याची. विहीर ‘रन ड्राय’ होते म्हणजे आटते, मुलं ‘रन वाइल्ड’ होतात म्हणजे मोकाट सुटतात, वातावरण तापलेलं असलं की ‘टेंपर्स रन हाय’. ‘रन अमॉक’ही याच घरातला, त्यातला अमॉक मलय भाषेतून आलाय. तुमचं दुसरं वाक्य, ‘वी आर रनिंग लो ऑन टाइम’, इथेच बसतं, आपल्याकडे आता वेळ कमी उरलाय. मराठीत ‘वेळ’ हा कर्ता करायचा, ‘आपण’ नाही, नाहीतर वाक्य भाषांतराचं वाटतं.

तिसरी खूण म्हणजे छोटे शब्द, आणि तुमची बाकीची तीनही वाक्यं इथली आहेत. इथे माझा सल्ला जरा वेगळा आहे: ‘रन इंटू’ला रनचा अर्थ समजूच नका, तो स्वतंत्र शब्द आहे असं धरा, दोन तुकड्यात लिहिलेला. ‘आय रॅन इंटू हर’ म्हणजे ती अचानक भेटली. अडचणीत ‘रन इंटू’ झालात तर अडचण आली. आणि गाडी भिंतीत ‘रन इंटू’ झाली तर मात्र खरोखर धडकली. पुन्हा तेच, माणूस की अडचण की भिंत, हे शेजारचं नाम सांगतं. तुमचा अर्थ तसा अगदीच अशक्य नव्हता बरं का, तिला धडकलो असाही होऊ शकतो, पण मग पुढे कुणाला लागलं-बिगलं याचा उल्लेख असता.

‘रन ओव्हर’ला तीन तरी अर्थ आहेत. मीटिंग रन ओव्हर झाली म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली, कर्म नाही. गाडीने कुणाला रन ओव्हर केलं म्हणजे चिरडलं, कर्म जिवंत किंवा निदान वस्तू तरी. नोट्स रन ओव्हर केल्या म्हणजे एकदा झरझर नजरेखालून घातल्या. यातला एक बारकावा सांगते, ‘रॅन हिम ओव्हर’ असं मध्ये सर्वनाम आलं तर ते चिरडणंच, नोट्सबद्दल तसं म्हणत नाहीत, तिथे ‘रॅन ओव्हर देम’ असाच क्रम राहतो. वाचताना ही खूण फार उपयोगी पडते.

‘रन धिस बाय द टीम’ म्हणजे टीमच्या कानावर घाला, त्यांचं मत घ्या. यात एक अध्याहृत गोष्ट आहे जी तुमच्या साहेबांनी लिहिली नाही पण मनात आहे: अजून काही ठरलेलं नाही, आधी त्यांना विचार, मग पुढे जा. त्यामुळे ‘टीमला कळवा’ एवढंच भाषांतर केलंत तर कमी पडेल, कळवणं म्हणजे ठरलेलं सांगणं.

बाकीचे पटकन. रन आउट ऑफ, संपणे. रन अप, बिल वाढवून ठेवणे किंवा झेंडा वर चढवणे. रन ऑफ, पळून जाणे किंवा कॉपी काढणे. रन थ्रू, पुन्हा एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघणे, आणि जुन्या काळच्या गोष्टीत तलवार असेल तर आरपार भोसकणे. रन डाउन मात्र चिवट आहे. बॅटरी रन डाउन होते म्हणजे उतरते, माणसाला रन डाउन वाटतं म्हणजे गळून गेल्यासारखं, इमारत रन डाउन असते म्हणजे मोडकळीला आलेली, कुणी कुणाला रन डाउन करतं म्हणजे नावं ठेवतं किंवा गाडीने उडवतं किंवा शोधून काढतं. आणि नाम म्हणून एकत्र लिहिलेला ‘रनडाउन’ म्हणजे मुद्द्यांचा थोडक्यात आढावा. एवढं असूनही एका विशिष्ट वाक्यात गोंधळ क्वचितच होतो, कारण बॅटरीला कुणी नावं ठेवत नाही.

नामाकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. क्रियापदाचा अर्थ नामावर जसाच्या तसा टाकायला गेलात की फसता. क्रिकेटमधला रन खेळपट्टीवर धावण्यावरून आला, पण चेंडू सीमेपार गेला की एक पाऊलही न धावता चार मिळतात आणि तरी ते रनच. बँकेवर ‘रन’ येतो म्हणजे ठेवीदार घाबरून एकाच वेळी पैसे काढायला झुंबड करतात, सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर अशाच रांगा लागल्या होत्या. ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम, ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, कोंबड्यांचा रन म्हणजे जाळीचं आवार. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे गिरणीतून निघालेला न निवडलेला माल, त्यावरून सर्वसाधारण, सुमार. आणि अनेकवचनात ‘द रन्स’ म्हणजे जुलाब, त्यामुळे क्रिकेटरच्या बातमीत हा शब्द कुठे येतो ते बघून वाचा.

थोडं देशाप्रमाणेही बदलतं. अमेरिकेत निवडणुकीला ‘रन’ करतात, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतात, एकाच निवडणुकीसाठी एक देश पळतो आणि दुसरा उभा राहतो, आणि मराठीत आपणही उभेच राहतो. मोज्याच्या जाळीला धागा सुटून जी रेघ पडते ती अमेरिकेत रन, ब्रिटनमध्ये लॅडर. मेल कुठून आलाय हे माहीत असेल तर मदत होते, पण यासाठी झोप उडवून घेऊ नका.

तर थोडक्यात, कर्ता बघा, कर्म असेल तर ‘-वणे’ लावून बघा, चिकटलेला छोटा शब्द असेल तर तो जोडीनेच एक शब्द धरा, आणि नाम असेल तर सरळ डिक्शनरी उघडा.

तुम्ही हे कशासाठी करताय त्यावरही खूप अवलंबून आहे. नुसतं वाचायचं असेल तर वरचं पुरेसं आहे. बोलायचं असेल तर उलट मी म्हणेन की वापरायचे अर्थ मुद्दाम कमी ठेवा, रन आउट ऑफ, रन लेट, रन इंटू, कंपनी किंवा प्रोग्राम रन करणे, एवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं. बाकी ठिकाणी साधं क्रियापद वापरलंत तर कुणी हसत नाही. परीक्षा द्यायची असेल तर फ्रेजल व्हर्ब्सवर, म्हणजे ‘रन इंटू’सारख्या क्रियापद अधिक छोटा शब्द अशा जोड्यांवर वेळ घाला, कारण प्रश्न तिथेच काढतात. आणि वही करणार असाल तर कृपा करून ‘रन म्हणजे’ असं लिहून पुढे यादी करू नका. अख्खा तुकडा लिहा, ‘द कलर्स रॅन, रंग गेला’. यादीतला सतरावा अर्थ आयत्या वेळी आठवत नाही, तुकडा आठवतो.

डिक्शनरी कुठली हेही महत्त्वाचं. ऑक्सफर्डची ती मोठी ऐतिहासिक आणि मेरियम-वेब्स्टरची कॉलेजिएट, दोन्हीत अर्थ जुन्यापासून नव्याकडे लावलेले असतात, म्हणजे पहिला दिलाय तो सगळ्यात वापरातला असेलच असं नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक पहिला अर्थ उचलतात आणि फसतात. शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या घ्या. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्समध्ये लांब नोंदींना मध्ये मध्ये छोटे मथळे असतात, पाणी, यंत्र, व्यवसाय असे, तेवढेच वरून खाली वाचून आपल्या कर्त्याशी जुळणारा कप्पा शोधायचा आणि तिथेच थांबायचं. लाँगमनने १९७८ पासून व्याख्या साधारण २,००० सोप्या शब्दांतच लिहिल्यात, त्यामुळे एक शब्द बघायला जाऊन आणखी चार शोधायची वेळ येत नाही. कोबिल्ड ही १९८७ मध्ये आलेली, जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात खऱ्या वापरातल्या मजकुराचा मोठा साठा कॉम्प्युटरवर जमवून तयार केलेली. तिच्यात व्याख्या पूर्ण वाक्यात असते, ‘जर एखादा माणूस अमुक गोष्ट रन करत असेल तर’ अशी, म्हणजे कर्ता आणि कर्म व्याख्येतच हजर. तुमच्यासारख्याला मी हीच आधी सुचवेन.

एका ठिकाणी मात्र हे सगळं कोलमडतं, आणि तुम्ही सॉफ्टवेअर कंपनीत आहात म्हणून सांगते. ॲपच्या भाषांतराचं काम येतं तेव्हा समोर वाक्य नसतं, एक्सेलच्या चौकटीत एकटा ‘रन’ असतो. कर्ता नाही, कर्म नाही, शेजारी कुणी नाही. बटणावर असेल तर ‘चालवा’, फिटनेस ॲपमध्ये असेल तर ‘धावणं’, स्कोअरबोर्डवर असेल तर ‘धाव’, आणि मागच्या वेळी प्रोग्राम कधी चालला त्याच्या नोंदीचा मथळा असेल तर आणखी काहीतरी. तिथे अनुभव काही कामाचा नाही, मशीन ट्रान्सलेशनही अंदाजच मारतं. मी सरळ त्या चौकटीचा स्क्रीनशॉट मागते, आणि तो येईपर्यंत ती चौकट रिकामी ठेवते. तुमच्या टीममध्ये असा मजकूर लिहिणारे कुणी असतील तर त्यांना सांगा की प्रत्येक सुट्या शब्दाशेजारी तो कुठे दिसणार आहे आणि नाम आहे की क्रियापद, एवढी एक ओळ लिहून पाठवत जा.